इंजिन बांधायचं की बाहेरून आलेलं जुनं बसवायचं?

गॅरेजवाल्याने "इंजिन उतरवावं लागेल" असं सांगितलं की पाठोपाठ दोन आकडे येतात. एक इंजिन बांधून घेण्याचा, म्हणजे आहे तेच खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडण्याचा; दुसरा "इम्पोर्टेड इंजिन आणून बसवून देतो" याचा. दुसरा आकडा बऱ्याचदा कमी असतो, दोन-तीन दिवसांत गाडी हातात मिळेल असंही सांगतात, आणि वर "जपानचं आहे, फार चाललेलं नाही" ही पुस्ती असतेच. मालक गोंधळतो. दोन्ही रकमा मोठ्या, आणि आपण नेमके कशाचे पैसे देणार आहोत हे दोन्हीकडे उघड होत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. बांधलेल्या इंजिनात आत काय आहे ते बसवण्याआधी मोजून कळतं. बाहेरून आणलेल्या जुन्या इंजिनात आत काय आहे ते बसवून चार-सहा महिने चालवल्यावर कळतं. किंमत, वेळ, वॉरंटी हे सगळं या फरकानंतर येतं. त्यामुळे कुठलाही आकडा मान्य करण्याआधी इंजिन मोजून घ्या, असा माझा आग्रह आहे. मोजायचं म्हणजे काय, हेच या लेखात सविस्तर सांगतो.

आधी इंजिन खरंच गेलंय का?

सायलेन्सरमधून निळसर धूर आला की "रिंगा गेल्या" असं पटकन म्हटलं जातं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढं खरं. पण ते ऑइल सिलिंडरमध्ये दोन वाटांनी येऊ शकतं: खालून पिस्टनच्या रिंगांजवळून, किंवा वरून व्हॉल्व्हच्या दांड्यांवरच्या रबरी सीलमधून. सील बदलण्याचा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तर हेडही (सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण) उतरवावं लागत नाही.

फरक ओळखायला घाट उपयोगी पडतो. आंबा घाट उतरताना तुम्ही ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर गाडी उतरवता, आणि खाली येऊन परत पाय दिला की निळ्या धुराचा एक लोट बाहेर पडतो. हे बहुधा सीलचं लक्षण. सकाळी पहिल्या स्टार्टला थोडा धूर येऊन मग बंद होत असेल तरी संशय सीलवरच घ्यायचा. उलट तोच घाट चढताना, इंजिनावर ताण असताना मागे सतत निळा धूर राहत असेल, चालू इंजिनात ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून वाफेसारखा जोरकस मारा येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले असण्याची शक्यता जास्त. पांढरा, दाट, न विरणारा धूर आणि कमी होत जाणारं कूलंट हे प्रकरण वेगळं. तिथे हेड गॅस्केट किंवा हेड तपासायचं.

अंदाज बांधून झाला की चाचणी. प्लग काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात, इंजिन गरम असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घेतात. पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 200 पीएसआय, डिझेलमध्ये साडेतीनशेच्या पुढे अशी आकडेवारी निरोगी इंजिनात दिसते. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. आकड्याइतकंच महत्त्व सारखेपणाला आहे. तीन सिलिंडर 170 दाखवतात आणि चौथा 110, तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये आहे. मग पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा दाब घ्यायचा. दाब चांगलाच वाढला तर ऑइलने रिंगांची फट भरली, म्हणजे गळती रिंगांतून होती. फारसा वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघायचं.

याहून नेमकी चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून कॉम्प्रेसरची हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकणं. ऑइलच्या झाकणातून सुसू आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. ते न करता "इंजिन बदला" म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी दुसरीकडे न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुरात बुडालेल्या गाडीचं वेगळं सांगायला हवं, कारण 26 जुलै 2005 ला मुंबईत आणि 2019 व 2021 च्या पुरांत आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे अशा किती गाड्या गॅरेजांबाहेर उभ्या होत्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं आणि कुणी स्टार्टर मारला, तर पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन झिजलेलं नसतं. वाकलेला रॉड आणि त्याचा पिस्टन बदलून, सिलिंडरची भिंत आणि क्रँक तपासून, सगळं ऑइल आणि बेअरिंगं नवी घालून ते पूर्ववत होतं. त्या इंजिनाला "गेलं" म्हणून भंगारात काढणं हा शुद्ध तोटा. गाडीत पाणी शिरलं असेल तर एकच पथ्य पाळा: किल्ली फिरवू नका, टो करून न्या.

इंजिन बांधणं म्हणजे नेमकं काय होतं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं) आणि क्रँक ग्राइंडिंगची दुकानं एकमेकांना लागून आहेत. ऑइल इंजिनांच्या धंद्यावर वाढलेला हा भाग. गॅरेजवाले इंजिन खोलतात, मोकळा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा) आणि हेड टेम्पोत घालून इथे आणतात. पुढे जे होतं ते प्रत्येक गाडीमालकाने एकदा तरी उभं राहून बघावं.

ब्लॉक धुऊन टेबलावर ठेवलेला असतो. कारागीर आधी सिलिंडरच्या वरच्या कडेला नख लावून बघतो. रिंग वर जाऊन जिथे थांबते तिथून खालची भिंत झिजते, वरची अर्धा सेंटिमीटर पट्टी तशीच राहते. त्या दोहोंमध्ये नखाला अडणारी पायरी तयार झाली असेल तर झीज बरीच आहे. मग बोअर गेज आत जातो. वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी माप घेतलं जातं. एका सिलिंडरची सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. ही मापं तो कागदावर लिहितो. ते चोवीस आकडे म्हणजे तुमच्या इंजिनाची खरी प्रकृती.

उदाहरण घेऊ. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलेलं आणि आपल्या रांजणगावातही बनलेलं फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन. त्याच्या सिलिंडरचा मूळ व्यास 69.6 मिलिमीटर. आता सिलिंडरच्या वरच्या बाजूला माप 69.68 आलं आणि खाली 69.61, तर सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता झालाय. फरक केसाच्या जाडीएवढा. पण पिस्टनच्या बाजूची मोकळी जागाच मुळात मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मोजतात, तिथे एवढा फरक चालत नाही. अशा सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर त्या वर सैल आणि खाली घट्ट बसतात, गाडी थोडे महिने बरी चालते आणि पुन्हा ऑइल खायला लागते. "मागच्याच वर्षी काम केलं आणि परत तेच" ही तक्रार बहुतेक वेळा इथे जन्म घेते. रिंगा बदलल्या, पण सिलिंडर कुणी मोजलाच नाही.

माप मर्यादेबाहेर असेल तर दोन मार्ग. लोखंडी ब्लॉक असेल तर सिलिंडर दहा थाऊ किंवा वीस थाऊ, म्हणजे पाव किंवा अर्धा मिलिमीटर, मोठा करून त्या मापाचे मोठे पिस्टन घालायचे. किंवा जुनी भिंत कापून नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) ठोकायची आणि मूळ मापाचे पिस्टन वापरायचे. शेवटी होनिंग. सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा पाडतात, त्यांत ऑइल धरून राहतं आणि नव्या रिंगा भिंतीशी जुळतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर रिंगा बसत नाहीत.

क्रँकचंही तसंच. बेअरिंगवरचा करडा थर जाऊन खालचं तांबं दिसायला लागलं की बेअरिंग संपलं. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, नख अडेल अशा रेघा असतील तर तो ग्राइंड करून कमी मापाची बेअरिंगं घालतात. इथे आधुनिक गाड्यांत एक अडचण येते. होंडासारख्या कंपन्या क्रँक आणि ब्लॉकवर ठोकलेल्या खुणा वाचून रंगाच्या ठिपक्यांनी ओळखायची बेअरिंगं जुळवतात, आणि ग्राइंड केलेल्या क्रँकसाठी कमी मापाची बेअरिंगं बऱ्याच नव्या इंजिनांना कंपनी देतच नाही. अशा वेळी नवा क्रँक घ्यावा लागतो आणि खर्चाचं गणित तिथेच बदलतं. म्हणून क्रँक मोजून झाल्याशिवाय दिलेलं कोटेशन मी अंदाज समजतो.

हेडची कथा थोडक्यात. बहुतेक हेड ॲल्युमिनियमचं असतं, इंजिन तापलं की वाकतं. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून बघतात. फार वाकलेलं नसेल तर फेसिंग करून ते सपाट करतात, व्हॉल्व्ह घासून बसवतात, गाइड आणि सील बदलतात. भेग असेल तर हेड नवं.

"हाफ इंजिन" आणि "फुल इंजिन" या शब्दांचा अर्थ गॅरेजागणिक बदलतो. कुठे हाफ म्हणजे फक्त हेड आणि रिंगा, कुठे हेडला हात न लावता खालचं सगळं. म्हणून शब्दावर सौदा न करता यादीवर करा: पिस्टन, रिंगा, मेन आणि बिग एंड बेअरिंगं, ऑइल पंप, टायमिंग चेन किंवा बेल्ट आणि तिचे टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, गॅस्केट सेट, हेडचे बोल्ट. आजच्या बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट ताणून घट्ट केले जातात आणि ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. यादीत बोल्ट आहेत का एवढं विचारलं तरी समोरचा कितपत नेटकं काम करतो ते कळतं.

इम्पोर्टेड इंजिन येतं कुठून?

जपानमध्ये खासगी मोटारीला 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नवी गाडी तीन वर्षांनी, त्यानंतर दर दोन वर्षांनी. प्रत्येक वेळी तपासणीचा, कराचा, विम्याचा आणि दुरुस्तीचा एकत्र खर्च येतो, त्यामुळे गाडी जुनी झाली की लोक ती काढून टाकतात. 2005 पासून तिथे वाहन पुनर्वापराचा कायदा लागू आहे. गाडी मोडीत काढणारा व्यवसाय शिस्तीत चालतो आणि इंजिन, गिअरबॉक्स, अर्धी कापलेली पुढची बाजू असं सगळं कंटेनरमधून जगभर जातं. न्यूझीलंड, पाकिस्तान, पूर्व आफ्रिका, शारजाचे औद्योगिक विभाग, अमेरिका-कॅनडा या सगळीकडे जपानी जुन्या इंजिनांचा मोठा बाजार आहे.

यातून एक समज पसरला आहे की जपानमध्ये अमुक किलोमीटरला इंजिन बदलण्याचा कायदाच आहे, म्हणून ही इंजिनं जवळजवळ नवी असतात. असा कायदा नाही. जपानमध्ये मोटार मोडीत निघते ती सरासरी तेरा वर्षांच्या आसपास. तिथे गाड्या आपल्यापेक्षा कमी चालतात हे खरं. पण कमी किलोमीटर शहरातल्या थांबत-थांबत प्रवासाचे असतात, आणि छोट्या फेऱ्यांत ऑइल नीट गरमच होत नसल्याने आत चिकट काळा गाळ साठतो. शिवाय किलोमीटर मीटरवर असतात. इंजिन एकटं आलं की त्याचे किलोमीटर म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडचा शब्द.

भारतातली परिस्थिती आणखी वेगळी आहे. आपल्या परदेश व्यापार धोरणात यंत्रसामग्री सोडून बाकी वापरलेल्या वस्तूंची आयात 'प्रतिबंधित' गटात येते, म्हणजे त्यासाठी सरकारी परवानगी लागते. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत "इम्पोर्टेड" म्हणून दाखवलेल्या प्रत्येक इंजिनाबाबत पहिला प्रश्न आयातीच्या कागदांचा. कागद नसतील तर इंजिन बाहेरून आलं की इथल्याच गाडीतून निघालं हे सांगता येत नाही. मेरठचं सोतीगंज हे जुन्या सुट्या भागांचं नावाजलेलं मार्केट पोलिसांनी डिसेंबर 2021 मध्ये बंद केलं, ते चोरीच्या गाड्या तिथे मोडल्या जात होत्या म्हणून. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसा संशय घ्यायला जागा असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. इंजिन नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघून यावं.

या सगळ्यात एक चांगला पर्याय दुर्लक्षित राहतो. अपघातात विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेल्या, तुमच्याच मॉडेलच्या गाडीचं इंजिन. मागून ठोकर बसलेल्या गाडीचं इंजिन धडधाकट असू शकतं, गाडीचा नंबर असतो, कागद असतात, सर्व्हिसचा इतिहास मिळू शकतो, आणि ते आपल्याच इंधनावर, आपल्याच ईसीयूवर (इंजिन चालवणाऱ्या गाडीतल्या संगणकावर) चाललेलं असतं. जुनं इंजिनच घ्यायचं ठरलं तर माझी पहिली पसंती याला.

एकच नाव, आत वेगळं

इम्पोर्टेड इंजिनात लोक सर्वांत जास्त फसतात ते कोडवर विसंबून. होंडाचं के24ए घ्या. 2.4 लिटर, सीआर-व्ही, अकॉर्ड, ओडिसी अशा गाड्यांत आलेलं. जपानमधल्या एकाच पिढीच्या ओडिसीत साध्या मॉडेलला या इंजिनाची ताकद 160 पीएस होती आणि ॲब्सोल्यूट नावाच्या मॉडेलला 200 पीएस. कोड तोच, कॅम, कॉम्प्रेशन, इनटेक वेगळे. सीआर-व्हीसाठी मागवलेलं इंजिन ॲब्सोल्यूटचं निघालं तर ते जागेवर बसेल, स्टार्टही होईल, पण गाडीचा ईसीयू वेगळ्याच इंजिनाला हुकूम देत राहील. मग चेक इंजिनचा दिवा लागतो, ॲव्हरेज पडतो, आणि मालक सेन्सर बदलत बसतो.

म्हणून कोडबरोबर कुठल्या मॉडेलमधून निघालं, कुठल्या वर्षाचं, इनटेक मॅनिफोल्ड, सेन्सरचे कनेक्टर, क्रँक आणि कॅम सेन्सरची जागा, फ्लायव्हील, माउंटिंगच्या बैठका हे सगळं जुन्या इंजिनाशेजारी ठेवून जुळवायचं. फोटोवर विश्वास ठेवून पैसे पाठवायचे नाहीत.

दुकानात गेलात तर काय बघाल?

सोबत टॉर्च, मोबाइलला जोडायचा स्वस्तातला बोअरस्कोप (वायरच्या टोकाचा बारीक कॅमेरा) आणि आपला मेकॅनिक असावा. ऑइलचं झाकण उघडून आत कॅमशाफ्ट बघा. धातू फिकट सोनेरी-करडा असेल तर ऑइल वेळच्या वेळी बदललं गेलंय. काळा, डांबरासारखा थर असेल तर ते इंजिन राहू द्या. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून सिलिंडरची भिंत बघा. होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत असतील तर उत्तम. उभे ओरखडे नकोत, आणि गंजाची कडी तर मुळीच नको. समुद्रमार्गे आलेलं, इनटेकची तोंडं उघडी ठेवून पावसात पडलेलं इंजिन आतून गंजतं. अशा गंजलेल्या कडीवरून फिरताना नवी-जुनी कुठलीही रिंग तुटते.

क्रँकच्या बोल्टला पाना लावून पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठेही अडता कामा नये. सम्प (खालचं ऑइलचं भांडं) आणि टायमिंग कव्हरच्या सांध्यात लाल किंवा निळं सिलिकॉन बाहेर आलेलं दिसलं तर ते इंजिन आधी कुणीतरी खोललं आहे. कंपनीत असं ओघळेल इतकं सिलिकॉन लावत नाहीत. शक्य असेल तर जमिनीवरच स्टार्टर आणि बॅटरी जोडून कॉम्प्रेशन घ्या. बरेच विक्रेते यावर कुरकुरतात. माझ्या मते "चेक करायला देत नाही" हेच पुरेसं उत्तर आहे.

हे सगळं बघूनही बेअरिंगं आणि पिस्टनच्या तळाची मापं कळत नाहीत. उद्यमनगरातले ते चोवीस आकडे या इंजिनाचे कुणाकडेच नसतात.

कागद आणि पैसे

इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन नंबर खोटा ठरतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्याची माहिती 14 दिवसांत आरटीओला कळवायची असते आणि आरसीवर नोंद करून घ्यायची असते. त्यासाठी इंजिनाचं बिल लागतं, म्हणून कच्च्या पावतीवर इंजिन घेऊ नका. वेगळ्या ताकदीचं किंवा वेगळ्या जातीचं इंजिन घातलं तर प्रकरण आणखी अवघड होतं. कंपनीने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. नंबर जुळला नाही तर अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते, गाडी विकताना ट्रान्सफर अडतो, आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत इन्स्पेक्टर नंबर तपासतोच. तुमचंच इंजिन बांधलं तर यातलं काहीच नाही, कारण ब्लॉक तोच आणि नंबरही तोच.

पैशाचं गणित समजा असं मांडलं. इंजिन बांधण्याचं कोटेशन 90 हजार, इम्पोर्टेड 60 हजार. वरवर 30 हजार वाचले. पण जुनं इंजिन बसवण्याआधी टायमिंग सेट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकची पुढची-मागची सील, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदलायलाच हवं, कारण पडून राहिलेलं रबर कडक झालेलं असतं आणि नंतर बदलायचं तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यात उतरवा-चढवीची मजुरी, वाहतूक, ऑइल, कूलंट, आरटीओचे हेलपाटे. तीस हजारांतले बरेचसे इथेच संपतात. आणि इंजिन खराब निघालं तर "वॉरंटी" म्हणजे बहुतेक ठिकाणी बदली इंजिन मिळतं, मजुरी पुन्हा तुमची. क्लच प्लेट मात्र दोन्ही मार्गांत एकदाच बघून घ्या. गिअरबॉक्स खाली आलेलाच असतो.

तिसरा आकडा गाडीच्या किमतीचा. पंधरा वर्षं उलटलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीची केंद्राची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाली, त्यावर आपल्याकडे पर्यावरण कर. गाडीची बॉडी कुजलेली असेल, सस्पेन्शन आणि एसी दोन्ही थकले असतील, तर इंजिनावर गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च करण्यात अर्थ नाही. उलट पत्रा चांगला, बाकी सगळं ठणठणीत, आणि गाडी अजून पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर बांधलेलं इंजिन बाजारातल्या कुठल्याही जुन्या गाडीपेक्षा स्वस्त पडतं, कारण त्या जुन्या गाडीच्या इंजिनातही काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

मग कुठल्या गाडीला काय?

मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा, इनोव्हा, 1.3 डिझेलच्या गाड्या: इंजिन बांधा. भाग तालुक्याच्या गावी मिळतात, ही इंजिनं शेकडो वेळा खोललेले हात महाराष्ट्रभर आहेत. ब्लॉकच फुटला, रॉडने त्याला खिडकी पाडली, तरच त्याच मॉडेलचं इथलं जुनं इंजिन किंवा कंपनीकडून मिळत असेल तर शॉर्ट ब्लॉक (हेड नसलेलं खालचं तयार इंजिन) बघा.

जुनी अकॉर्ड, सीआर-व्ही, जपानी एसयूव्ही: इथे इम्पोर्टेडचा विचार खरोखर करण्यासारखा आहे. आपल्याकडे अशा गाड्या थोड्या, भाग महाग आणि महिनोन् महिने न मिळणारे. जपानमध्ये मात्र ही इंजिनं मुबलक. कागद पक्के असतील आणि मॉडेल तंतोतंत जुळत असेल तर घ्यावं.

जर्मन गाड्यांत थांबून विचार करा. काहींच्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये लोखंडी स्लीव्ह नसतेच. सिलिंडरच्या भिंतीवर खास कठीण थर असतो किंवा भिंतच सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमची असते. ते इंजिन नेहमीच्या बोअरिंगवाल्याकडे दिलं तर तो थर कापला जातो. आणि काही जर्मन इंजिनांत दोष मुळातलाच आहे. फोक्सवॅगन गटाच्या 1.8 आणि 2.0 टर्बो पेट्रोलच्या ईए888 या मालिकेतली दुसऱ्या पिढीची इंजिनं पिस्टन आणि रिंगांच्या रचनेमुळे ऑइल खातात. तिथे त्याच पिढीचं जुनं इंजिन आणून बसवलं तर दोषही सोबत येतो. सुधारित पिस्टन आणि रिंगा घालून स्वतःचंच इंजिन बांधणं हाच त्यावरचा खरा इलाज.

इंजिन कशाने गेलं ते शोधल्याशिवाय नवं चालू करू नका

दोन्ही मार्गांत हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर आतून तुंबलाय का, फॅन कितव्या तापमानाला सुरू होतो, थर्मोस्टॅट उघडतो का हे बघायचं. बेअरिंगं गेली असतील तर ऑइल पंप आणि सम्पमधली जाळी. डिझेलमध्ये टर्बो फुटून इंजिन गेलं असेल तर इंटरकूलर आणि पाइपांत धातूचे कण आणि ऑइल साठून राहिलेलं असतं. ते धुतलं नाही तर पहिल्याच दिवशी नव्या सिलिंडरमध्ये जातं. धुळीने सिलिंडर झिजला असेल तर एअर फिल्टरचा डबा आणि पाइप कुठे तडकलाय ते सापडलं पाहिजे. जुन्या इंजिनाचा रेडिएटर आणि ऑइल कूलर न धुता नव्या इंजिनाला जोडून देणारी गॅरेजं आहेत. समोर उभं राहून धुवून घ्या.

बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग किंवा इंजेक्टर जोडायच्या आत स्टार्टरने फिरवून ऑइलचा दाब आलाय याची खात्री करून घ्यावी. सुरू झाल्यावर तासभर उभ्या जागी चालू ठेवायचं नाही. रिंगा ताणाखाली बसतात, म्हणून गाडी रस्त्यावर काढून मध्यम वेगात, वेग कमी-जास्त करत चालवायची. पहिले हजार किलोमीटर फार ओझं आणि फार वेग दोन्ही टाळायचे. पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान पहिलं ऑइल आणि फिल्टर बदलायचा, आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात बघायचं. रिंगा बसताना पडलेली बारीक करडी चकाकी चालते. बोटाला टोचणारे कण किंवा तांबूस तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि बांधणाऱ्याला बोलवा.